मुंडकी छाटलेले मासे

१

माझ्या बायकोच्या हातून चमचा पडला, तेव्हा मला वाटलं ती दमली आहे.

म्हाताऱ्या कप्तान झाखारिआसना पुरून आम्ही नुकतेच परतलो होतो. सगळं बंदर कालिरोईच्या कॅफेत बसलं होतं. आमच्याकडे मयतीनंतर मासळीचं सूप असतं. ज्यांनी प्रेताला आंघोळ घातली त्यांचं पातेलं वेगळं, आणि त्यात सगळ्यात चांगला मासा. कप्तानांना माझ्या बायकोने, इव्हान्थियाने, आणि आर्गिरो आजीने आंघोळ घातली होती. म्हणून त्या दोघी वेगळ्या टेबलावर बसल्या होत्या.

"याकूमिस," इव्हान्थिया मला म्हणाली, "माझे ओठ कुठे गेले?" आणि हसली.

मीही हसलो. मग तिला चमचा उचलता येईना. मग खुर्चीतून उठता येईना. गाडीत घातली तेव्हा तिचे हातपाय ओल्या कपड्यासारखे लोंबत होते, पण शुद्ध पुरती होती. तिचे डोळे माझ्यावर होते. मी काय बोलतोय ते सगळं तिला कळत होतं. फक्त छाती हलायची थांबली.

इस्पितळातल्या डॉक्टरने एकच प्रश्न विचारला. "ससातोंड्या खाल्ला का?"

मी त्याला वेड्यात काढलं. आमच्या बंदरात हा मासा कोण खाईल? दक्षिणेच्या कालव्यातून तो आमच्या समुद्रात शिरला, त्याला बरीच वर्षं झाली. सशासारखे पुढे आलेले चार दात. जाळं कापतो, गळ कापतो, माणसाचं बोटही कापतो. अंगात विष असं की उकळून जात नाही, तळून जात नाही. क्रीट बेटाच्या या किनाऱ्यावर पोरं चालायला शिकायच्या आधी त्याला ओळखायला शिकतात.

आर्गिरो आजींना दात नाहीत म्हणून त्यांनी नुसता रस्सा प्यायला होता. त्या वाचल्या. दोन दिवस त्यांच्या गालाला स्पर्श कळत नव्हता.

२

पोलिसांनी कालिरोईचा कॅफे बंद केला. सूप तिने केलं होतं, तेव्हा गुन्हा तिचा, इतकं सरळ. लिंबाच्या झाडावरून तिचं आणि इव्हान्थियाचं वर्षभर वाकडं होतं, हेही कुणीतरी पोलिसांच्या कानावर घातलं. काहीजण उघड म्हणू लागले, "चूक कसली? मुद्दाम."

कालिरोई एवढंच सांगत राहिली. "मागच्या पायरीवर ओल्या पोत्याखाली टोपली होती. मयताची मासळी तिथेच ठेवतात. त्यात सोललेली, मुंडकी छाटलेली दोन धडं होती. मला वाटलं पेस्कांद्रित्सा."

पेस्कांद्रित्सा खोल पाण्यातला मासा. त्याचं डोकं एवढं मोठं आणि कुरूप की मच्छीमार बोटीवरच ते कापून टाकतात. बाजारात येते ती सोललेली शेपटी, मधे एकच जाड काटा, बाजूला फासळ्या नाहीत. सूपासाठी याहून चांगला मासा नाही.

"कुणी दिला ते विचारलं नाहीस?" पोलीस म्हणाला.

"मयताच्या मासळीला कुणी नाव विचारतं?" कालिरोई म्हणाली, आणि हे आम्हा सगळ्यांना पटलं. ती मासळी गुपचूप ठेवायची असते. देणारा सांगत नाही, घेणारा विचारत नाही, कुणी आभार मानत नाही. विचारणं म्हणजे मेलेल्याच्या ताटात हात घालणं.

इव्हान्थियाच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला दोन दिवस उरले असताना मेलपोमेनी माझ्या दारात आली.

ती मत्स्यसंशोधनवाल्यांची बाई. या माशाचा धोका किती, ते ठरवायला वर्षभर आमच्याकडे येत होती. किती मासे, किती जाळी फाटली, किती माणसांना चावला. मासे नेणं परवडेना, म्हणून तिने आम्हाला सांगितलं होतं: ससातोंड्या सापडला की फक्त डोकं कापून धक्क्यावरच्या निळ्या पिंपात टाका, धड समुद्रात फेका. डोक्यातल्या हाडावरून तिला वय कळायचं.

तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती बसली नाही.

"याकूमिस काका, त्या आठवड्याची डोकी मी आता उघडली," ती म्हणाली. "तुम्ही लोक बोटीवर घाईत मान तोडता. पण त्यातली पाच डोकी वेगळी आहेत. मानेमागे कातडीला चीर आहे, आणि कातडी पुढे ओढलेली आहे. तिथे चिमटीत धरून कुणीतरी मासा सोललाय."

"मग?"

"कालिरोईने दोन शिजवले. सोलले पाच." तिने दाराची चौकट धरली. "उरलेले तीन कुठे आहेत?"

३

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं घरोघर फिरलो. असा दिवस मी आयुष्यात काढला नव्हता. माणसं आम्हाला आत घ्यायची, फ्रीझर उघडायची आणि स्वतःच दोन पावलं मागे सरायची, जणू आत कुणी लपून बसलंय. एका बाईने आमच्यासमोर सगळी मासळी काढून अंगणात पुरली. दुसरीने आधी पोरांना शेजारी पाठवलं. बोलता बोलता माणसं ओठांना बोट लावून बघत होती. मीसुद्धा.

पहिला फ्रीझर मी माझा उघडला होता. त्यात बर्फ होता, मटार होते, आणि इव्हान्थियाच्या हातचे पालक भरलेले पाव. ते मी परत झाकून ठेवले.

तीन धडं कुठेच नव्हती.

वार्दिसच्या दुकानात मात्र मेलपोमेनी बराच वेळ थांबली. वार्दिसची मासळीची गाडी आठवड्यातून दोनदा शहरात जाते. गेल्या वर्षी दारूच्या अड्ड्यावर तो म्हणाला होता की ससातोंड्या सोलून शहरात पेस्कांद्रित्सा म्हणून खपवला तर कुणाच्या बापाला कळणार नाही. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

"बाई, मी लबाड आहे," वार्दिस म्हणाला. "शिळ्या माशाला बर्फाखाली तरुण करतो. पण खुनी नाही."

"तुम्ही असं बोलला होतात ना?"

"बोललो होतो. बोलण्यावर फास देणार असाल तर या याकूमिसला आधी द्या. त्याने माझ्या आईबद्दल काय काय म्हटलंय!" मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "माफ कर. जीभ आवरत नाही माझी."

"त्या आठवड्यात पेस्कांद्रित्सा होता तुमच्याकडे?"

"कुठून असणार? वारा होता. खोल पाण्यात कुणी गेलंच नाही. गाडीसुद्धा हलली नाही. विचारा कुणालाही."

आम्ही विचारलं. खरं होतं. गाडी कप्तानांच्या मयतीसाठी आलेल्या पाहुण्यांच्या मोटारींमागे अडकून पडली होती.

बाहेर आल्यावर मेलपोमेनी म्हणाली, "काका, माझ्या अहवालाच्या मसुद्यात एक वाक्य आहे. मच्छीमार हा मासा ओळखतात, म्हणून तो खाल्ला जाण्याची शक्यता नगण्य. ते वाक्य मी लिहिलं तेव्हा बरोबर होतं. अख्खा मासा सगळे ओळखतात."

"हो."

"डोकं कापायला मी सांगितलं."

 मी घराच्या वाटेला लागलो.

४

चाळिसाव्याची प्रार्थना झाली. माझी मुलगी रोदान्थी आदल्या संध्याकाळी शहरातून आली होती. फ्रीझर शोधण्याचा तो प्रकार मी तिला सांगितला नव्हता; आईच्या चाळिसाव्याला तिला आणखी घाबरवायला नको वाटलं. ती तिथे टोमॅटो भरायच्या कारखान्यात असते. पाहुण्यांचं सूप बघायला ती चर्चमधून जरा आधी घरी गेली. बाकी सगळे कॉफीला कालिरोईच्या अंगणात जमले. कॅफेला पोलिसांची पट्टी होती, पण अंगणाला नव्हती.

मेलपोमेनीने मच्छीमारांना एका टेबलावर बसवलं. चार बोटी, चार माणसं. मी, शेजारच्या दोन बोटींवरचे दोघे भाऊ, आणि सिफिस. सिफिस म्हणजे इव्हान्थियाचा धाकटा भाऊ. त्या दिवसापासून तो माझ्याकडे डोळे वर करून बघत नव्हता. दुःख असेल, असं मी समजत होतो.

"एकच विचारायचंय," ती म्हणाली. "कप्तान गेले त्या दिवसापासून पुरेपर्यंत तुम्ही डोकी कापून पिंपात टाकलीत. धडांचं काय केलंत?"

दोघे भाऊ म्हणाले, बोटी ओढायच्या घसरणीमागे पुरली. मी म्हणालो, मीही पुरली, त्यांच्याच खड्ड्यात.

"मी समुद्रात टाकली," सिफिस म्हणाला. "नेहमीसारखी. तूच सांगितलंयस ना, बाई?"

मेलपोमेनीने मान हलवली, आणि कोपऱ्यातल्या आर्गिरो आजींकडे वळली. "आजी, त्या दिवशी मी धक्क्यावरून सफरचंदाचा गाभा पाण्यात टाकला, तेव्हा तुम्ही मला काठी का दाखवलीत?"

"कारण तुला वळण नाही, पोरी," आजी म्हणाल्या. "कप्तान घरात होते. बंदरात प्रेत असताना समुद्रात मेलेलं, कुजकं काही टाकत नाहीत. माणूस जमिनीखाली जाईपर्यंत पाणी स्वच्छ ठेवायचं. गाभाच काय, थुंकीसुद्धा नाही."



मी सिफिसकडे वळलो. सिफिसने कप्तानांची पेटी उचलली होती. पुढचं टोक, उजवा खांदा. तो त्या दोन दिवसांत समुद्रात काही फेकणं शक्य नव्हतं. आमच्यातला सगळ्यात वाईट माणूसही फेकणार नाही.

"सिफिस," मी म्हणालो, "धडं कुठे टाकलीस?"

"दाजी..."

"माझ्याकडे बघून सांग."

त्याने पाहिलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदा.

"आमिषाला ठेवली," तो म्हणाला. "वाया कशाला घालवायची? कातडं काढलं की मांस पाण्यात पांढरं चमकतं, लांबून ऑक्टोपस येतो. मच्छीमार संस्थेचं बर्फाचं घर मयतीसाठी बंद होतं. म्हणून टोपलीत भरून इथे पायरीवर, बर्फाच्या हौदाजवळ ठेवली. वर पोतं टाकलं. नेहमी टाकतो तसं. मग मला कबर खणायला बोलावलं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही!" कालिरोई किंचाळली. "चाळीस दिवस मी खुनी! माझ्या दारात पोरं थुंकतात! तुझ्या जिभेला काय झालं होतं रे?"

"ती माझी बहीण होती!" सिफिस ओरडला. "काय सांगू? बहिणीला मीच विष घातलं म्हणून सांगू? परत आलो तर टोपली रिकामी. वाटलं, मांजरांना टाकली असशील. मग इव्हान्थिया पडली, आणि कळलं. वाटलं, जे व्हायचं ते होऊन गेलं, सगळी पाच भांड्यात गेली."

"सगळी नाही," मेलपोमेनी म्हणाली.  "कालिरोईने टोपली पाहिली तेव्हा त्यात दोनच होती. सिफिस बोलला असता तर हे त्याच दिवशी कळलं असतं. तिच्याआधी कुणीतरी तीन उचलली. त्या सकाळी मागच्या पायरीवर कोण कोण आलं होतं?"

"कुणी नाही," कालिरोई म्हणाली. "सगळे कप्तानांच्या घरी. मी चर्चमध्ये मेणबत्त्या लावत होते."

"आम्ही आलो होतो," आर्गिरो आजी म्हणाल्या.

५

सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"प्रेताला आंघोळ घातल्यावर हात आपल्या घरी धुवत नाहीत," आजी म्हणाल्या. "इथल्या मागच्या नळावर धुतले. मी आणि इव्हान्थियाने."

"तिने पोतं उचललं का?" मेलपोमेनीने विचारलं.

"जवळचं मला कुठे दिसतं, पोरी? ती म्हणाली, आजी, छान पेस्कांद्रित्सा आलाय, आपला वाटा घेऊ का? मी म्हटलं, घे बाई, आंघोळ घालणाऱ्यांचा हक्कच आहे. मला नको, मला दात नाहीत."

"हे तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी सूपाचं विचारलं. तिने सूपात काही घातलं नाही, तिने तर काढून घेतलं."

मी उभा राहिलो होतो. माझा फ्रीझर मी पाहिला होता. त्यात नव्हता. मग इव्हान्थियाने तो वाटा नेला कुठे? मयतीच्या गडबडीत ती घरी आली नव्हती. नळावरून ती थेट कप्तानांकडे गेली. रस्त्यात काय लागतं? वार्दिसचं दुकान. चर्च. बसथांबा.

बसथांबा.

आमच्या इथल्या प्रत्येक आईचं जे चालतं तेच. काही चांगलं हाती लागलं की कागदात गुंडाळायचं, वर बर्फ, वर मुलीचं नाव, आणि सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचं. शहरात पोरगी थांब्यावर येऊन घेते. हे इव्हान्थिया इतक्यांदा करायची की मी कधी विचारलंही नाही. आणि रोदान्थीही कधी विचारायची नाही. आईचा मासा म्हणजे बाबांच्या बोटीचा मासा.

"सूप," मी म्हणालो.  "घरी सूप आहे."

मी चढ कसा चढलो ते मला आठवत नाही. मागून सिफिसची पावलं येत होती. दारातच सेलरीचा आणि लिंबाचा वास आला. रोदान्थी चुलीपाशी उभी होती, डोक्याला आईचा काळा रुमाल.

"आलात? बाकीचे कुठेत?" ती म्हणाली. "बाबा, हा आईने पाठवलेला शेवटचा मासा, इतके दिवस फ्रीझरमध्ये ठेवला होता. मला खाववत नव्हता, फेकवतही नव्हता. म्हटलं, आज तिच्या नावाने सगळ्यांना..."

"खाल्लास?"

"मीठ बघायला एक तुकडा. का?"

मी तिच्या हातातली पळी हिसकावली.

"बाबा, काय झालं? असे काय बघताय?" तिने जिभेने ओठ चाटले. मग परत चाटले. आणि तिचा चेहरा बदलला.

६

मेलपोमेनीने रुग्णवाहिकेला फोन केला, पण घाट चढून यायला तिला वेळ लागणार होता. आम्ही तिला वाटेत गाठायला निघालो. गाडी मी चालवत होतो. मागच्या पत्र्यावर, जाळ्यांच्या ढिगावर, रोदान्थी, सिफिस आणि मेलपोमेनी.

"ऐक," मेलपोमेनी सिफिसला सांगत होती, मागची काच उघडी होती म्हणून मला ऐकू येत होतं. "विष काळीज थांबवत नाही. फक्त छाती थांबवतं. यंत्र मिळेपर्यंत कुणी तिच्यासाठी श्वास घेतला तर ती जगते. समजलं? तिला सगळं ऐकू येईल. ती मेल्यासारखी दिसेल, पण मेलेली नसेल. थांबायचं नाही."

घाटाच्या पहिल्या वळणांवर रोदान्थी बोलत होती. हात जड झालेत म्हणाली. मग शब्द लडबडले. मग मला नुसता वारा ऐकू आला.

"दाजी, मागे बघू नका!" सिफिस ओरडला. "रस्ता बघा!"

मी रस्ता बघितला. त्याच रस्त्यावरून मी इव्हान्थियाला नेलं होतं, आणि तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की श्वास दुसऱ्याचा चालतो. मागून मला सिफिसचा श्वास ऐकू येत होता. आत ओढायचा, तिच्यात सोडायचा. बोट ओढताना माणूस घेतो तसा. मेलपोमेनी म्हणाली, मी घेते थोडा वेळ, दमलास तू. तो म्हणाला, हात लावू नकोस.

माथ्यावरच्या वळणावर रुग्णवाहिका समोरून आली. त्यांनी रोदान्थीच्या घशात नळी घातली. सिफिस रस्त्याच्या कडेला बसून ओकत होता.

सूपाचं पातेलं त्या दुपारी वार्दिसने उचलून पोलिसांकडे नेलं. कालिरोईचा कॅफे उघडला. सिफिसने आपणहून जबाब दिला. पुढे काय होईल ते कोर्ट ठरवेल. मेलपोमेनीने आपल्या अहवालात ते वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं की धोका माशाच्या विषाचा जेवढा आहे तेवढाच डोकं कापून धड मागे ठेवण्याचा आहे, आणि डोकी मागवायची पद्धत आपण सुरू केली, ती आजपासून बंद. आता ती अख्खे मासे नेते. परवडत नाही, पण नेते.

घशातली नळी काढली त्या सकाळी मी रोदान्थीजवळ होतो. तिचा आवाज घोगरा झाला होता.

"मला सगळं ऐकू येत होतं, बाबा," ती म्हणाली. "डोळे उघडता येत नव्हते. वाटलं, आईलाही असंच ऐकू येत असेल."

"घाबरली होतीस?"

"खूप." ती म्हणाली. "मामा रडत होता. मध्येमध्ये त्याचे अश्रू माझ्या तोंडात यायचे. खारट लागायचे. बाकी काहीच कळत नव्हतं, नुसतं खारट. मी तेवढंच धरून ठेवलं होतं."

खोलीच्या बाहेर बाकावर सिफिस बसला होता. आल्यापासून तो तिथेच होता. आत यायची त्याची हिंमत नव्हती, आणि मी त्याला बोलावलं नव्हतं. नर्स त्याला रोज पाणी देत होती, एवढं मला माहीत होतं.

मी उठलो, दार उघडलं.

"ये आत," मी म्हणालो. "बोलायला लागलीय ती."